साचा

कुर्ला पूर्वेच्या नेहरूनगरात आम्ही चौघी घरच्या घरी शोभेच्या मेणबत्त्या आणि साबण तयार करतो. आमच्यापैकी दोघी आपल्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी. उरलेल्या दोघींची मुले सध्या वसतिगृहात आहेत. स्मरणिकेसाठी या गृहोद्योगाविषयी लिहावे, अशी सूचना आली तेव्हा केवळ कृती लिहून द्यावी असे वाटले होते. परंतु ज्या एका साच्यापाशी आमचे हात थांबले, त्याविषयी लिहिणे अधिक अगत्याचे आहे.

कृती तशी अवघड नाही. पॅराफिन मेण साधारणतः ६० अंशांच्या आसपास वितळते. ते थेट आचेवर ठेवू नये. पातेल्यातील गरम पाण्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे, कारण अति तापलेल्या मेणाची वाफ पेट घेते. थोडे स्टिअरिक ॲसिड घातले की मेणबत्ती घट्ट होते. साबणाचे काम अधिक जोखमीचे. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. सोडा पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी कदापि ओतू नये. पुढे वड्या ४ ते ६ आठवडे मुरू द्याव्या लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत, लेकराबाळांच्या वावरात, त्या इतके दिवस ठेवायच्या कुठे? म्हणून आम्ही बहुधा तयार ग्लिसरीन बेस वितळवूनच साबण ओततो.

मेणबत्ती आपल्या घरांना नवी नाही. वंदनेच्या वेळी तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे आपण ती लावतोच. पण ती पांढरी, सरळ, विनागंधाची. शोभेची मेणबत्ती ही बाजाराची मागणी. दिवाळी आणि नाताळ हे तिचे हंगाम.

अशाच एका दिवाळीपूर्वी २०० नगांची मागणी आली. आकार बुद्धमस्तकाचा हवा होता. सिलिकॉनचे तसे साचे बाजारात सर्रास मिळतात, साबणाचेही मिळतात. त्या एका मागणीतून पुढच्या दोन महिन्यांच्या मेणाची बेगमी झाली असती. साचा आणला, एक नमुना ओतला. वात नीट जळते की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक नमुना पेटवायचा, हा आमचा शिरस्ता. प्रथम उष्णीष वितळले, मग कपाळ खचले. मेणाचा ओघळ मिटलेल्या पापणीवर आला, तेव्हा आमच्यातील थोरल्या ताईंनी वर वाटी पालथी घातली.

वाद त्यानंतर झाला. धाकटीचे म्हणणे असे की, तथागतांनीच अनित्यता शिकवली. मेण वितळले तर त्यात अवमान कसला? शिवाय मुलांच्या पुस्तकांचा खर्च समोर होता. तिचे म्हणणे सहज खोडण्याजोगे नव्हते. थोरल्या ताईंनी दीपपूजेच्या गाथेचा आधार घेतला. तिच्यात दीप बुद्धांसमोर अर्पण केला जातो आणि स्वतः बुद्धांनाच त्रैलोक्याचा दीप मानले आहे. दिवा त्यांच्यापुढे जळावा, त्यांना जाळून नव्हे. तिसरीला भाजे लेण्यांची सहल आठवली. इ. स. पूर्व २ऱ्या शतकातील त्या चैत्यगृहात बुद्धमूर्ती नाही, स्तूप आहे. ज्यांनी तो कोरला त्यांना वंदनेसाठी चेहऱ्याची गरज भासली नाही. मग विक्रीसाठी आम्हाला का भासावी? साबणाच्या बाबतीत मात्र कोणीच वाद घातला नाही. अंगाला घासून मोरीत वाहून जाणारा तो चेहरा नुसता डोळ्यांपुढे आला तरी पुरे होते.

आम्ही कमळ आणि पिंपळपान हे दोन आकार सुचवले. ग्राहकाने ६० कमळे घेतली. उरलेली मस्तके त्याने दुसरीकडून बनवून घेतली असणार. तसे करणारे शहरात कमी नाहीत. धाकटी अजूनही म्हणते की, त्या वर्षी आपण तत्त्वासाठी पैसे सोडले आणि बाजाराला त्याची खबरही नाही. ते खरेच आहे.

साचा आमच्याकडेच पडून आहे. तो विकवत नाही आणि कचऱ्यातही टाकवत नाही. त्यात मेणाऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून पाहावे, ही सूचना धाकटीचीच. येत्या रविवारी ओतणार आहोत. मूर्ती न तडकता सुटली, तर ती वसतिगृहातल्या मुलांकडे पाठवू.