आजार सांगावा कुणाला आणि किती?

२०२५ च्या जानेवारीत आपला बुलडाणा जिल्हा एकाएकी साऱ्या देशाच्या तोंडी झाला. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतल्या माणसांचे केस तीन-चार दिवसांत मुळासकट हाती येऊ लागले. आमच्या सोनाळ्यात ती बातमी पेपरच्या आधी मोबाईलवर आली, तीही चेहऱ्यांसकट. टक्कल पडलेली बाई, डोक्यावरून हात फिरवणारे बाबा, कॉलेजात जाणारी मुलगी. 'टक्कल व्हायरस' असे बारसेही लोकांनी करून टाकले. त्या गावांशी सोयरीक करायला माणसे कचरू लागली.

पुढे आयसीएमआरची पथके आली. रक्त, केस, पाणी, धान्य यांचे नमुने गेले. विंचूदंशावरील उपचारासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपासण्या करून घेतल्या आणि रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. आता विचार करा. हा शोध लागायला काय लागले? किती माणसे, कोणत्या गावची, कोणता गहू खात होती, एवढी माहिती. ती लोकांनी मोकळेपणाने दिली म्हणून काम पुढे सरकले. त्या पोरीचा चेहरा मात्र कुठल्याच तपासणीला लागला नव्हता. तो फुकट वाटला गेला.

आम्ही पेशाने कारकून. कचेरीत वैद्यकीय बिलाची फाईल मंजुरीपर्यंत पाच टेबलांवर उघडते. रुपये किती ते एकच टेबल पाहते, आजार कोणता ते पाचही टेबले वाचतात. दुपारच्या डब्यापर्यंत शिपायालाही ठाऊक होते. फाईलला दोरी बांधायची पद्धत आहे. माणसाच्या अब्रूला दोरी बांधायची पद्धत नाही.

पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यातील माणूस किडनीच्या आजाराबद्दल चारचौघांत बोलतो. खारे पाणी पिऊन पिऊन हे झाले, असे तो सांगतो. दोष पाण्याचा असला की माणूस तक्रार करतो, मोर्चा काढतो, गोड पाण्याची योजना मागतो. पण आजार रक्तातला असला की घराचे दार लागते. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत असा एक आजार आहे, आणि त्याचे नाव अजूनही दबक्या आवाजात घेतले जाते. तो म्हणजे सिकलसेल.

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडे फोडून काढावीत अशा वेदना होतात. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे लोक म्हणतात तसे 'एएस पॅटर्न' असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता असते की मूल 'एसएस' म्हणजे पीडित होईल. नुसता वाहक माणूस सहसा धडधाकट असतो, शेतात राबतो, संसार करतो. हे रक्त ज्या भागांत टिकले ते हिवतापाचे भाग होते, कारण वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते. आपल्यात, आदिवासी बांधवांत आणि इतरही समाजांत ते आहे. यात कुणाचे पाप नाही. तरी 'त्या लोकांचा आजार' असे हलक्या आवाजात म्हणणारे आम्ही ऐकले आहेत. ज्यांच्या आजोबांना जात सांगून भाड्याची खोली मिळत नव्हती, त्यांना सांगणे आणि लपवणे यांतली ओढाताण वेगळी शिकवावी लागत नाही.

नागपूरचे संपत रामटेके यांनी मात्र दार उघडले. मुलाला सिकलसेल असल्याचे त्यांनी लपवले नाही, उलट सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी केली आणि रुग्णांच्या घरच्यांना एकत्र आणले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एकट्याने रडणाऱ्या आईबापांना दुसरे आईबाप भेटले की केवढा आधार होतो! मुलाला ताप आला तर थांबू नका, पाणी भरपूर पाजा, थंडीत जपा, हायड्रॉक्सियुरियाची गोळी डॉक्टरांना विचारा. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात हा आजार आहे, तर प्रमाणपत्राचा अर्ज कसा करायचा, एसटीची सवलत कशी मिळवायची. ही विद्या पुस्तकापेक्षा भोगलेल्या माणसाकडून लवकर मिळते. आज ती मोबाईलच्या ग्रुपवर रात्री दोन वाजताही मिळते. ते बंद करा असे आम्ही कधीच म्हणणार नाही.

पण आमच्या ओळखीच्या एका माउलीचे काय झाले ते ऐका. धाकट्या मुलीला वेदनांचा झटका आला, रक्ताची गरज पडली. कुणीतरी तिच्या रिपोर्टचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. नाव, वय, गाव, पॅटर्न, सगळे त्यात. हेतू वाईट नव्हता. रक्त मिळालेही. परंतु तो फोटो एका ग्रुपवरून दुसऱ्यावर फिरत पाहुण्यांच्या गावी पोचला, आणि थोरल्या मुलीची जुळत आलेली सोयरीक थांबली. थोरलीचा रिपोर्ट साफ होता. तो कुणी विचारलाच नाही. माउली म्हणाली, "भाऊ, म्या रक्त मांगतलं व्हतं, पोरीचं नाव गावभर करा असं थोडंच म्हनलं व्हतं?"

यावर काही जण म्हणतील, मग काय, लपवून लग्न लावायचे? नाही. जिच्याशी किंवा ज्याच्याशी जन्माची गाठ बांधायची, त्याला अंधारात ठेवणे आम्हाला मान्य नाही. एचआयव्हीच्या बाबतीत हाच पेच १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. एका इस्पितळातून एका माणसाचा आजार बाहेर कळला, लग्न मोडले, तो कोर्टात गेला. वधूच्या आरोग्याचा हक्क मोठा, असे न्यायालयाने म्हटले. पुढे २०१७ चा एचआयव्ही कायदा झाला. संमतीवाचून किंवा न्यायालयाच्या आदेशावाचून कुणाची माहिती उघड करता येत नाही, हा त्याचा सर्वसाधारण नियम आहे. शिवाय २०१७ सालीच खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय नऊ न्यायाधीशांनी दिला. म्हणजे जोडीदाराचा हक्क एक, आणि साऱ्या गल्लीचा हक्क दुसरा. पहिला आहे, दुसरा नाही.

गल्लीला कळले की काय होते, याचा दाखला ग्रीस देशात आहे. ऑर्कोमेनोस नावाच्या गावात गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत साऱ्यांची सिकलसेल तपासणी झाली आणि वाहकांनी वाहकांशी लग्न करू नये असे समजावण्यात आले. झाले उलटेच. वाहकांवर शिक्का बसला, त्यांना स्थळ मिळेना, मग काहींनी लग्न ठरवताना निकालच लपवला. अमेरिकेतही तसेच. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या दलित पँथरने नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरने १९७१ पासून काळ्या वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी चालवली. आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी केलेले काम. पण काही राज्यांनी काळ्यांवर तपासणीची सक्ती केली, तेव्हा ठणठणीत वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारला जाऊ लागला. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. तेव्हा भीती वाटणाऱ्या आईबापांना अडाणी म्हणू नका.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट. तपासणी व्हावीच. समाजबांधवांनो, आमचा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. मुलाकडचे मुलीचा रिपोर्ट मागतात आणि आपल्या मुलाचे बोटही टोचू देत नाहीत. अहो, चारांत एक हा हिशेब दोघांचे रिपोर्ट शेजारी ठेवल्यावरच मांडता येतो! आम्ही बीकॉम झालेलो, एका बाजूच्या नोंदीवर ताळेबंद जुळत नाही एवढे आम्हाला कळते.

आमच्या ओळखीच्या घरांनी आता ग्रुपवर एक रीत पाडली आहे. रिपोर्टचा फोटो टाकायचा नाही. रक्त हवे असेल तर रक्तगट, इस्पितळ आणि एका कार्यकर्त्याचा फोन एवढेच द्यायचे. नाव गाळले म्हणून भागत नाही, हेही ध्यानात आले. 'विहाराच्या मागच्या गल्लीतली दहावीची मुलगी' म्हटले की सोनाळ्यात नाव सांगायचे राहतच नाही. डॉक्टरांपुढे मात्र काही म्हणजे काही झाकायचे नाही. स्वतःची गोष्ट सांगायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मूल मोठे झाले की त्याचे त्याने. रामटेकेंनी स्वतःच्या घराचे दार उघडले होते, शेजाऱ्याच्या नव्हे.

वधू-वर परिचय मेळाव्याच्या छापील अर्जात रक्तगटाखाली 'सिकलसेल' असा रकाना घालावा, अशी सूचना नुकतीच एका बैठकीत आली. हेतू चांगलाच. पण ती पुस्तिका पाचशे घरांत जाते आणि वर्षानुवर्षे पेटीत राहते. आम्ही सुचवले की रकान्यात निकाल नको, फक्त 'तपासणी झाली आहे' एवढेच लिहावे, आणि ते मुलामुली दोघांनाही सक्तीचे असावे. निकालाचा कागद दोन्ही घरांनी समोरासमोर बसून, स्थळ पसंत पडण्याआधी, एकमेकांना दाखवावा. आयोजकांनी सूचना लिहून घेतली आहे. मुलांची तपासणी सक्तीची म्हटल्यावर दोन वडीलधारी मंडळी उठून गेली, त्यांना गाठायला आम्ही येत्या रविवारी जाणार आहोत.