अंतर कशापासूनचं?

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रासाठी गोदावरी जिथे अडवली आहे, तिथे ती नाशिक शहर ओलांडून आलेली असते. पावसाळ्यात तिच्या पाण्याला दुधाच्या चहाचा रंग येतो, पाऊस सरला की पाणवेली पसरतात. अशा बंधाऱ्याची बुडालेली भिंत आणि जाळी पाहायला घरी बनवलेला छोटा पाणबुडा रोबो उतरवावा, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. मात्र त्याला कुठला अंतरमापक सेन्सर लावायचा, हे दुकानातल्या यादीवरून ठरवू नये. ते तिथल्या पाण्यावरून ठरवावं.

स्वस्त आणि नखाएवढे लेझर सेन्सर बहुधा 940 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश वापरतात. हा प्रकाश पाणीच पिऊन टाकतं. निर्मळ पाण्यातही काही सेंटिमीटरांपुढे त्याचा भरवसा नाही. हिरवा लेझर अधिक खोल जातो हे खरं, पण गढूळ पाण्यात मातीचा कणन्‌कण तो उलटा फेकतो आणि रोबोला समोरचं पाणीच भिंत वाटू लागतं. ध्वनीला हा गढूळपणा एवढा नडत नाही. 20 अंश तापमानाच्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे 1480 मीटर धावतो, हवेतल्या वेगाच्या सव्वाचार पट. म्हणून इथे पहिली पसंती ध्वनीला. पण विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्रास दिसणारा 40 किलोहर्ट्झचा अल्ट्रासॉनिक सेन्सर हवेसाठी घडवलेला असतो, आणि हवा-पाण्याच्या सीमेवर ध्वनीची 99.9 टक्के ऊर्जा माघारी फिरते. तो अॅक्रिलिकच्या डब्यात बसवला, तर डब्यातल्या हवेतच आवाज कोंडून राहील. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकला जाणारा प्रकारही शिंतोड्यांपासून सुरक्षित असतो एवढंच. मोजतो तो हवेतलंच अंतर. पाण्याला थेट भिडणारा, रेझिनमध्ये बंद केलेला ट्रान्सड्यूसर हवा. मासे शोधण्याच्या यंत्रात तो असतो.

यावर कुणी म्हणेल, की रोबोला तर भिंतीच्या अगदी जवळ जायचंय आणि ध्वनी जवळचं ऐकत नाही. आक्षेप रास्त आहे. आवाज सोडल्यावर ट्रान्सड्यूसर क्षणभर स्वतःच थरथरत राहतो, तेवढा वेळ तो बहिरा असतो. ही थरथर अर्ध्या मिलिसेकंदाची धरली, तर हवेत साडेआठ सेंटिमीटर आंधळे जातात आणि पाण्यात 37. ध्वनीचा वेग इथे उलटा अंगावर येतो. त्या शेवटच्या हातभर अंतरासाठी मी आणखी महाग सेन्सर सुचवणार नाही. पुढे काढलेली लवचीक काडी आणि तिच्या टोकाला पाणी न शिरणारा स्विच पुरे. स्पर्शाला कमी लेखण्याचं कारण नाही, गढूळ पाण्यात माणूसही हातानेच चाचपतो. खोलीसाठी दाबाचा सेन्सर घ्यावा: दर 10 सेंटिमीटरला सुमारे 1 किलोपास्कल दाब वाढतो, मग पाणी कसंही असो. उतरवण्याआधी त्याचा शून्य तिथल्या हवेच्या दाबावर लावून घेतला की झालं.

खरी अडचण तळाची आहे. साचलेल्या नदीचा तळ म्हणजे फरशी नव्हे. वर पातळ, दह्यासारखा गाळ, खाली घट्ट होत जाणारा थर, त्याखाली मुरूम किंवा खडक. 200 किलोहर्ट्झचा ध्वनी वरच्या मऊ थरावरूनच परततो. 30 किलोहर्ट्झच्या आसपासचा त्यात शिरून खालून उत्तर आणतो. म्हणूनच जलाशयांच्या गाळमोजणीत दोन वारंवारतांची यंत्रं वापरतात आणि दोन आकड्यांतल्या फरकावरून मऊ गाळाची जाडी ताडतात. दोन्ही आकडे बरोबर असतात, फक्त अंतर वेगवेगळ्या गोष्टींपासूनचं असतं. गोदावरीवरच खाली नांदूरमध्यमेश्वरला साचलेल्या गाळाने बेटं घडवली आणि पक्ष्यांचं अभयारण्य उभं राहिलं. या नदीत गाळाला किरकोळ समजून चालत नाही. पाणवेलींची मुळंही फसवतात, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे ध्वनीला भिंतीसारखा जबाब देतात.

एवढा खटाटोप महाग पडेल, कॅमेरा लावून भागेल, असंही म्हणतात. उन्हाळ्यात, पाणी निवळल्यावर, कदाचित भागेल. पण बंधाऱ्याची जाळी तुंबते ती पुराच्या दिवसांत, आणि तेव्हा कॅमेऱ्याला स्वतःचा दिवाही धड दिसत नाही. पैसा मोजका असेल तर एक पाण्याचा ट्रान्सड्यूसर, एक दाबाचा सेन्सर आणि स्पर्शाच्या दोन काड्या, एवढ्यावरच खर्च करावा. आणि विकत घेण्याआधी एवढं करा: नळाच्या पाण्यावर चाचणी घेऊ नका. श्रावणातलं गोदावरीचं पाणी मोठ्या टाकीत भरा, तळाशी वीतभर गाळ टाका, आणि सेन्सर कशाला तळ म्हणतोय ते काठी घालून तपासा.