पैसे मोजून गवे बघायला

फाल्गुन लागला की आजऱ्याभोवतीच्या डोंगरांचा रंग बदलू लागतो. काजूला मोहर येतो, पळस पेटतो, पांगाऱ्याला पान उरत नाही. पण फूल मावत नाही. अशा दिवसांत सहल काढावी आणि ती एखाद्या राष्ट्रीय उद्यानातच काढावी, असा ठराव यंदा आमच्या वर्गात झाला. उद्यान कोणते, हे ठरवण्याचे काम तिघांवर आले. त्यांत मी एक.

ग्रंथालयात महाराष्ट्राचा नकाशा पसरून आम्ही बसलो. राज्यात राष्ट्रीय उद्याने सहा. ताडोबा, पेंच, नवेगाव आणि गुगामल ही चार विदर्भात, एक बोरिवलीचे संजय गांधी उद्यान आणि सहावे आपल्या सह्याद्रीतले चांदोली. सर्वांचा पहिला कौल अर्थातच ताडोब्याला. १९५५ सालापासूनचे ते राज्यातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. या दिवसांत तिथले सागवान निष्पर्ण होते, पाणवठे आटत जातात आणि उरलेल्या पाण्यावर वाघ दिसण्याची आशा वाढते. पण आजरा ते चंद्रपूर म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडणे! आजऱ्याला रेल्वे नाही, आधी एस.टी.ने कोल्हापूर, मग एक दिवस नि एक रात्र गाडीत, पुढे जिप्सीचे भाडे निराळे. बेरीज कागदावर मांडली तेव्हा कोणी काही बोलले नाही. आमच्यापैकी निम्म्यांच्या घरी तेवढ्या पैशांत महिन्याचा बाजार होतो.

मग कोणीतरी म्हणाले, "त्यापेक्षा दाजीपूरला जाऊ या की!" राधानगरीचे जंगल आपल्याच जिल्ह्यातले, गव्यांसाठी प्रसिद्ध आणि १९५८ पासून संरक्षित. पण ते अभयारण्य. राष्ट्रीय उद्यान नव्हे. हा फरक मला तेव्हाच नीट वाचायला मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात लोकांचे काही हक्क परवानगीने चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरे चारता येत नाहीत आणि उद्यान जाहीर करण्याआधी त्या जमिनीवरचे सर्वांचे हक्क संपवावे लागतात. ‘उद्यान’ हा शब्द किती गोड आहे. आमच्या आजीला तर तिथे झोपाळे आणि कारंजी असतील असे वाटले होते!

घरी विषय काढला तेव्हा आबा गोठ्यात धार काढत होते. त्यांनी मान वर न करताच विचारले, "आनि तिथं काय बघायचं?" मी म्हटले, "गवे, सांबरं, अस्वलं... नशीब असलं तर वाघ." आबा हसले. "गवं बघायला पैसं मोजून जायाचं व्हय? रातच्याला माळावर चल माझ्यासंगं, फुकट दावतो."

त्यांच्या हसण्यात थट्टा होती, पण नुसती थट्टा नव्हती. गेल्या साली आमचा अर्धा एकर ऊस गव्यांनी एका रात्रीत झोपवला. चंदगड-आजऱ्याच्या पट्ट्यात तर वीस वर्षांहून अधिक काळ कर्नाटकातून हत्तीही येतात. शेकोटी पेटवून, डबे वाजवून रात्र जागवणे हा आमच्याकडे सुगीचाच एक भाग झाला आहे. शहरातल्या माणसाला गवा दिसला की तो छायाचित्र काढतो. आबांना गवा दिसला की ते मनात सोसायटीच्या कर्जाचा हिशेब करतात. दोघांचेही डोळे खरेच असतात.

शेवटी उरले चांदोली. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांना टेकलेले हे सुमारे ३१७ चौरस किलोमीटरांचे रान १९८५ साली अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. २०१० पासून ते कोयनेसह सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात आहे, तर २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशातही गेले. विशेष म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातलीच एक वाघीण आणून इथे सोडण्यात आली. आम्हाला न परवडलेला प्रवास तिने उलट दिशेने केला म्हणायचा!

चांदोलीचे नाव निघताच वर्गातली एक मैत्रीण एकदम गप्प झाली. नंतर तिने सांगितले, तिच्या आईचे माहेर त्या रानातले. वारणेच्या खोऱ्यातली काही गावे धरणाने उठली, काही अभयारण्याने. तिच्या आजोळची माणसे आता पूर्वेकडच्या सपाट मुलखात एका वसाहतीत राहतात. डोंगरात जन्मलेल्या तिच्या आजीला तिथे आभाळ फार मोठे वाटते म्हणे. त्या उठलेल्या गावांच्या शेतांवर आता गवत माजले आहे आणि त्या कुरणांवर गवे-सांबर चरतात.

हे ऐकल्यापासून माझ्या मनात दोन शेते शेजारी शेजारी उभी आहेत. तिच्या आजीच्या शेतात गवा हक्काने चरतो, कारण तिथे माणूस राहिला नाही. आमच्या उसात तो चोरासारखा शिरतो, कारण तिथे आम्ही आहोत. जंगल राखले पाहिजे, याविषयी मला शंका नाही. वारणा, हिरण्यकेशी याच डोंगरांतून उतरतात आणि आमचा ऊसही त्याच पाण्यावर वाढतो. पण जंगल राखण्याची किंमत काही थोड्याच घरांनी का भरावी आणि ती भरणाऱ्यांची नावे उद्यानाच्या फाटकावर का नसावीत, असे मात्र वाटते.

आम्ही एकमताने चांदोली ठरवली. उत्तूर-निपाणीवरून कोल्हापूर, तिथून शिराळा तालुक्यातले मणदूर आणि मग आत झोळंबीच्या सड्यापर्यंत. मैत्रीणही येणार आहे. देवळाची खूण तिने आईकडून नीट विचारून घेतली आहे. वर्गणीचे पैसे आबांनी दुधाच्या बिलातून दिले. देताना काही बोलले नाहीत.

वनखात्याच्या माणसांना विचारायचे प्रश्न मी वहीत उतरवले आहेत. या दिवसांत वणवा कसा अडवतात? जुन्या गावांच्या देवांच्या जत्रेला लोकांना आत येऊ देतात का? आणि तिसरा प्रश्न आबांचा: रानात गवत नि पाणी पुरेसे असले, तर गवा उसाकडे येणे थांबते का?