दुपारचा निरोप

जे वाक्य मी लिहिले नाही त्याचे कर्तृत्व माझ्या माथी मारले गेले, आणि माझी जबानीसुद्धा न घेता मला लेखी समज देण्यात आली, याचा सल इतकी वर्षे लोटूनही जात नाही.

झाशीच्या सदर बाजारात, छावणीच्या आश्रयाने वाढलेल्या त्या पेठेत, एका खाजगी पेढीच्या दफ्तरात मी हिशेबनीस होतो. २००१ साली तेथील सारे संगणक तारेने परस्परांस जोडलेले असून त्यांवर विंडोज २००० चालत असे. काळ्या चौकटीत ‘नेट सेंड’ हे शब्द, पुढे एखाद्या यंत्राचे नाव आणि मजकूर टंकला की त्या यंत्राच्या पडद्यावर तो निरोप उघडे. नावाच्या जागी तारांकित खूण घातली की तोच मजकूर एकदम सर्वांपुढे जाई, दवंडी पिटल्यासारखा. त्यापूर्वीच्या नॉव्हेलच्या जाळ्यावर निरोप पडद्याच्या तळाशी उमटे आणि कंट्रोल व एंटर या कळा एकत्र दाबीपर्यंत हातातले काम खोळंबून राही. त्या मानाने ही नवी व्यवस्था सभ्य होती.

दिवाळी तोंडावर आली असता एके दिवशी दुपारी मालकांसह सर्वांच्या पडद्यावर रोमन लिपीतील हिंदीत निरोप झळकला, की यंदाचा बोनस मिठाईच्या डब्याच्या तळाशी शोधावा. वर प्रेषक म्हणून माझ्या यंत्राचे नाव होते. मी त्या वेळी भरणा करण्यासाठी बँकेत गेलेलो, खुर्ची रिकामी, यंत्र उघडे. परंतु यंत्राचे नाव म्हणजे माणसाचे नाव, असा न्याय तत्काळ ठरला. वास्तविक त्या चौकटीत मजकुरावर तारीख व वेळही छापलेली असते. पण हसता हसता जो तो ‘ओके’ दाबून मोकळा झाला आणि वेळ कोणाच्याच ध्यानात राहिली नाही. बँकेचा शिक्का मारलेली चलनाची प्रत मी मालकांपुढे ठेवली, तेव्हा ते म्हणाले, “बाबूजी, इसमें तारीख है, समय कहाँ है?” हा प्रश्न कायद्याला धरून होता, हेच अधिक झोंबले.

पुढे कित्येक वर्षांनी एका संगणक-दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने सहज सांगितले, की असा निरोप झळकला की ज्याच्या पडद्यावर तो झळकला त्या यंत्राच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये, सिस्टिमच्या रोजनाम्यात, प्रेषक यंत्राचे नाव, वेळ आणि मजकूर यांची आपोआप नोंद होते. म्हणजे माझ्या निर्दोषत्वाचा निदान अर्धा दाखला प्रत्यक्ष मालकांच्याच यंत्राच्या पोटात होता, आणि जुन्या नोंदी पुसून त्यांवर नव्या चढेपर्यंत तो तेथे पडून होता! आम्ही सारे त्या यंत्रांपुढे दिवसभर बसत होतो. कोणालाही, मलाही, तो रोजनामा उघडून पाहण्याची बुद्धी झाली नाही, कारण तशी तालीमच कोणी दिलेली नव्हती. ज्या दफ्तरात असली साधने आहेत, तेथे जबाबदारी ठरवण्यापूर्वी यंत्राचा रोजनामा उतरवून घ्यावा, आणि जागेवरून उठताना पडदा कुलूपबंद करावा, असे मी हल्ली तरुण कारकुनांना न विचारता सांगतो. ते ऐकतात आणि मोबाईलकडे पाहतात.

‘नेट सेंड’च्या त्या सोयीचा अंतही फारसा गौरवाचा झाला नाही. इंटरनेटवरून परके जाहिरातदार याच मार्गाने लोकांच्या पडद्यांवर घुसू लागले, २००३ साली या सेवेत गंभीर सुरक्षादोष आढळला, आणि २००४ च्या विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ती मुळातच बंद अवस्थेत येऊ लागली. पुढच्या व्हिस्टामध्ये तर ती उरलीच नाही. ती गेली याचा मला त्या काळी आसुरी आनंद झाला होता. आता मात्र कधी कधी वाटते, की मालकांना तोंडावर खरे सांगण्याचा तेवढा एकच बिनचेहऱ्याचा मार्ग आमच्याजवळ होता. तो निरोप कोणी धाडला ते मला आजतागायत कळलेले नाही. बोनस त्या वर्षी मिळाला नाही, आणि त्या वाक्यातला ‘तळाशी’ हा शब्द मला सुचला असता तर मीही तो घातला असता.