मुंबई ते शिकागो : अंतर आणि अवधी

मुंबई आणि शिकागो या दोन महानगरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १२,९५० किलोमीटर आहे. सपाट नकाशा पाहिला तर ही वाट युरोप आणि अटलांटिक महासागरावरून जात असावी, असे वाटते. परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची रेषा मुंबईहून जवळजवळ उत्तरेकडेच निघते, सुमारे ७५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते आणि मग अमेरिकेकडे उतरते. ताशी ८८० किलोमीटर वेग धरल्यास हा प्रवास पावणेपंधरा तासांचा होतो. वाटेत विमान बदलायचे असेल, तर जवळजवळ एक अहोरात्र हाताशी ठेवावे.

याच शिकागोत ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्मपरिषद भरली. तिचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज, यांना आले होते. साध्वाचारात वाहन वर्ज्य. म्हणून त्यांनी महुव्याचे सुपुत्र वीरचंद राघवजी गांधी यांना पाठविले. तेव्हा त्यांचे वय अवघे २९ वर्षांचे होते. त्या काळी आगबोटीने हा पल्ला गाठण्यास कित्येक आठवडे लागत.

साधुसाध्वींच्या विहाराचे माप लावले तर हा पल्ला आणखी स्पष्ट होतो. रोज २० किलोमीटर विहार धरला, तर एवढ्या अंतरास सुमारे ६५० दिवस लागतील. चातुर्मासाचा स्थिरवास वगळता त्याची अडीच वर्षांहून अधिक होतात. विमान तेच २० किलोमीटर दीड मिनिटाच्या आत मागे टाकते आणि एका सामायिकाच्या ४८ मिनिटांत सुमारे ७०० किलोमीटर कापते.

वेगाने अंतर जिंकले, पण व्रतस्थ श्रावकापुढे एक नवा प्रश्न ठेवला. शिकागोचे घड्याळ मुंबईपेक्षा उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा तास मागे असते. जून महिन्यात उत्तरेकडील या वाटेवर मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही. डिसेंबरमध्ये तो तिथे उगवतच नाही. मग चौविहारासाठी सूर्यास्त कोणत्या गावचा मानावा आणि नवकारशीसाठी सूर्योदय कोठला? याचा निर्णय ऐनवेळी आकाशात करण्यापेक्षा प्रस्थानापूर्वीच गुरुमहाराजांना विचारून पच्चक्खाण घेणे श्रेयस्कर. बहुतेक मोठ्या विमान कंपन्या जैन भोजन देतात, मात्र त्याची मागणी निदान २४ तास आधी नोंदवावी लागते. सोबत कोरडा खाऊ असला, म्हणजे नियमासाठी परक्यावर अवलंबून राहावे लागत नाही.

वीरचंदभाईंनी परदेशात शाकाहाराचा नियम सोडला नाही. त्यांच्या प्रवासाला शंभर वर्षे झाली, त्याच १९९३ साली शिकागोजवळच्या बार्टलेट येथे जिनमंदिराची प्रतिष्ठा झाली. आज तेथे दर्शनाला जाणारा यात्रिक एका दिवसात पोहोचतो. मात्र नियम सांभाळण्याचे त्याचे काम वीरचंदभाईंच्या काळाइतकेच अवघड आहे आणि ते करण्यासाठी त्याच्या हाती वेळ फार थोडा उरतो.