भोकाआधीचा ठिपका

घरी तयार केलेल्या सर्किट बोर्डाला भोकं पाडायची वेळ येते, तेव्हा अवघड ते सगळं उरकलं असं वाटतं. फेरिक क्लोराइडच्या तपकिरी द्रावणाने नको असलेलं तांबं खाऊन टाकलेलं असतं, धुतलेले ट्रॅक लखलखत असतात, आता फक्त ड्रिल चालवायचं बाकी. मग भोक सरकलं की दोष हाताच्या थरथरीला किंवा डुगडुगणाऱ्या चकला दिला जातो. दोघेही थोडेफार दोषी असतातच. पण भोक नेमकं पडणार की नाही, याचा निकाल बहुधा बिट फिरू लागण्याच्या कितीतरी आधी, आराखडा काढतानाच लागलेला असतो. इथला नेमकेपणा ही हाताची कमाई कमी आणि पूर्वतयारीची जास्त.

अभियांत्रिकीच्या पिढ्यांना ओळखीची असलेली ८०५१ ही चाळीस पायांची आयसी घ्या. एका रांगेत वीस पाय, दोन पायांत २.५४ मिमी अंतर, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ४८.२६ मिमी. पाय सुमारे अर्धा मिमी रुंद आणि भोक ०.८ मिमीचं, तेव्हा इकडेतिकडे व्हायला प्रत्येक बाजूला जेमतेम ०.१५ मिमीची मुभा. पट्टी लावून एका भोकापासून पुढचं मोजत गेलो आणि दरवेळी फक्त ०.०५ मिमी त्याच दिशेला सरकलो, तर एकोणिसाव्या अंतरानंतर चूक ०.९५ मिमीवर पोचते. पॅड, म्हणजे पाय जोडायचा तांब्याचा गोल, १.८ मिमीचा असेल तर मधोमध पडलेल्या भोकाभोवती अर्ध्या मिमीचं तांब्याचं कडं उरतं, भोक ०.३ मिमी ढळलं की एका बाजूला ते ०.२ मिमीच राहतं आणि सोल्डरिंगच्या उष्णतेने उचलून येण्याचा धोका वाढतो. कारखान्यातल्या बोर्डाच्या भोकांना आतूनही तांब्याचा मुलामा असतो. घरच्या बोर्डाला तो नसतो, म्हणून त्या कड्यावरच सांध्याची सारी भिस्त.

एवढी बारीक शिस्त नुसत्या नजरेने पाळायची म्हटली तर ते अशक्यच. बोर्ड काचेच्या विणलेल्या कापडाचा आणि रेझिनचा असतो. धागा कठीण, रेझिन त्यामानाने मऊ, त्यामुळे बारीक बिटाचं टोक सोपी वाट धरून घसरतं. त्याला अडवायचं काम एक ठिपका करतो. आराखड्यात प्रत्येक पॅडच्या मध्यावर ०.३ ते ०.५ मिमीचा पांढरा ठिपका सोडला, की द्रावण तिथलंही तांबं खातं आणि एक नखभरसुद्धा नसलेला खळगा तयार होतो. तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉनचा, तरी त्याची कडा बिटाचं टोक धरून ठेवायला पुरते. लोहार सेंटर पंचाने जे करतो, ते इथे द्रावण निमूट करून ठेवतं. शिवाय प्रत्येक ठिपका आपापल्या पॅडचा असल्यामुळे एका भोकाची चूक दुसऱ्याच्या खात्यावर चढत नाही.

यावर कोणी म्हणेल, सरावलेल्या हाताला असल्या कुबड्या लागत नाहीत. सराव मोलाचा आहेच. पण तो हात नेमकं काय शिकलेला असतो ते पाहावं. काचेमुळे साधं पोलादी बिट लवकर बोथट होतं, आणि टंगस्टन कार्बाइडचं बिट टिकाऊ खरं, पण बाजूने जरा दाब आला की मोडतं. म्हणून तिथे स्टँड हवा, बोर्डाखाली सपाट लाकडी फळी हवी, आणि काचेची धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडावर मास्क हवा. सरावलेला हात जोर करत नाही. तो बिट हलकेच टेकवतो, खळगा सापडू देतो आणि मगच दाबतो. त्याचं कसब ठिपक्याचं ऐकण्यात आहे.

दुसरा आक्षेप यंत्राचा: संगणकाने चालणाऱ्या सीएनसी ड्रिलला ठिपका कशाला? पण यंत्र जातं हिशेबातल्या जागी, तांबं असतं बोर्डावरच्या जागी. बोर्ड एक अंश तिरका बसला तर १०० मिमीवर भोक १.७५ मिमी चुकतं, तेही अत्यंत काटेकोरपणे. आराखडा तांब्यावर उतरवणारा टोनरचा कागद अर्धा टक्का ताणला गेला तर तेवढ्याच लांबीवर अर्ध्या मिमीचा फरक पडतो, आणि वर सांगितलेलं कडं एका बाजूने संपतं. उलट ठिपक्यांमागे जाणारा हात त्या ताणाशी जुळवून घेतो: वीस पायांच्या रांगेत तो ताण ०.२४ मिमीचा, आयसी मधोमध बसवली तर प्रत्येक टोकाला ०.१२, म्हणजे मुभेच्या आत. भोक कागदावरच्या आकड्याशी नव्हे, तांब्याशी आणि पायाशी जुळायला हवं.

तिसरा आक्षेप काळाचा. पायांविना चिकटणारे सुटे भाग आले, तयार बोर्ड मागवता येतात, मग भोकं हवीत कशाला? पण कनेक्टर, रिले, स्क्रू टर्मिनल यांना ओढ आणि धक्के सोसायचे असतात. त्यांचे पाय बोर्डात रुतलेलेच बरे. आणि आज सुचलेली जोडणी आजच तपासायची असेल तर घरचा बोर्ड हाच जवळचा मार्ग. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर महागडं ड्रिल शोधायला निघण्याआधी आराखडा पुन्हा उघडावा, पॅडमध्ये ठिपके आहेत ना ते बघावं, आणि आयसीचे पॅड रांगेला आडवे, थोडे लांबट करावेत. शेजारच्या पॅडला न भिडता तांबं वाढतं, भोक त्या दिशेला ढळलं तरी सांधा तगतो, आणि या दुरुस्तीला खर्च काहीच येत नाही.