यंत्राचे शुद्धिपत्र

पूर्वी छापील ग्रंथाच्या आरंभी वा अखेरीस शुद्धिपत्र जोडलेले असे. पृष्ठ, ओळ, अशुद्ध आणि शुद्ध असे चार रकाने पाहून वाचक पेन्सिल हाती घेई व आपली प्रत आपणच सुधारी. संगणकाच्या पडद्यावर उमटणारी ‘अपडेट’ची सूचना ही या शुद्धिपत्राचीच धाकटी बहीण. तरीही ती दिसताच भल्याभल्यांच्या पोटात गोळा उठतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची डागडुजी थांबली. तेव्हा माझ्या एका सहकारी गुरुजींनी आपल्या जुन्या संगणकावर उबुंटू ही लिनक्स-प्रणाली बसवून घेतली. आठवडाभरातच पडद्यावर पन्नासएक अगम्य नावांची यादी आली. “सर, मी तर यातले काहीच मागवले नव्हते. नको म्हणू का?” त्यांनी विचारले.

मी म्हटले, “गुरुजी, ही प्रणाली म्हणजे एक जाडजूड ग्रंथ नाही, शेकडो पुस्तिकांचा संच आहे. प्रत्येक पुस्तिका म्हणजे एक ‘पॅकेज’. सुधारलेल्या प्रती एका भांडारात ठेवलेल्या असतात. आपले यंत्र तेथील आवृत्ती-क्रमांक ताडून पाहते आणि जे बदलले तेवढेच आणते. भांडाराच्या यादीवर अंकीय मुद्रा असते. ती जुळली नाही तर यंत्र माल नाकारते. पाठ्यपुस्तक बदलले की स्वाध्यायपुस्तिकाही बदलावी लागते ना? न मागवलेली नावे यादीत येतात ती त्यामुळेच.”

यादीत सुरक्षेच्या दुरुस्त्या वेगळ्या दाखवलेल्या असतात. त्यांना विलंब लावू नये. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका दोषावर दुरुस्ती दिली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने त्याच दोषातून जगभरच्या यंत्रांत शिरकाव केला. ब्रिटनमधील रुग्णालयांत रुग्णांना दिलेल्या हजारो वेळा रद्द झाल्या. शुद्धिपत्र दोन महिने आधीच छापून तयार होते. प्रती तेवढ्या सुधारायच्या राहिल्या होत्या.

मराठी पडद्यावर या क्रियेला ‘अद्यतन’ म्हणतात. शब्द शुद्ध आहे, सुंदरही आहे. परंतु तो वाचून गुरुजींच्या शंकेचे निरसन झाले नसते. आमच्या सीमाभागातील शिक्षकाला हे निराळे सांगावे लागत नाही. घरी कन्नड बोलणारे मूल मराठी वर्गात येते, तेव्हा त्याच्या घरातला शब्द हाती धरूनच त्याला पुढे न्यावे लागते. नवख्या संगणकधारकाचीही तीच अवस्था असते. काय बदलणार, का बदलणार आणि आज न केल्यास काय बिघडेल, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला साध्या मराठीत मिळाली, तर तो निर्धास्तपणे संमती देईल.

गुरुजींनी त्या सायंकाळी संमती दिली. वीज जाण्याची वेळ टाळावी आणि काम चालू असता यंत्र मध्येच बंद करू नये, एवढी सूचना मी दिली होती. ती त्यांनी वहीत लिहून घेतली. आता महिन्याकाठी तेच दुसऱ्यांना यादी वाचून दाखवतात.